आधी कोण मरणार?

हॉलिवूडच्या भयपटांत एक संकेत कित्येक वर्षे चालत आला. जंगलातले एकाकी घर, सुट्टीला आलेली गोरी तरुण मंडळी, त्यांच्यात एखादाच काळा मित्र. आणि सुरा बाहेर निघाला की लवकर संपणाऱ्यांत तो ठरलेला. भयपटांच्या विडंबनाचे अलीकडे जे पुनरुज्जीवन होत आहे, त्याची खरी कसोटी आम्हाला या संकेतात दिसते.

वेस क्रेव्हन यांच्या 'स्क्रीम'ने १९९६ मध्ये भयपटाचे नियम पात्रांच्याच तोंडून वदवले. २००० साली आलेल्या 'स्केअरी मूव्ही'ने त्या नियमांची यथेच्छ टर उडवली. दिग्दर्शक कीनन आयव्हरी वेयन्स आणि त्यांचे भाऊ शॉन व मार्लन हे कृष्णवर्णीय कलावंत. सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २७ कोटी ८० लाख डॉलर मिळवले.

त्यातला एक प्रसंग आजही बोलका आहे. 'स्क्रीम २'च्या (१९९७) आरंभी, भयपटांत काळ्यांना जागा नाही अशी तक्रार करणारी कृष्णवर्णीय तरुणी थिएटरातच मारली जाते. वेयन्स बंधूंनी तोच प्रसंग उचलला. त्यांची ब्रेंडा (रेजिना हॉल) चित्रपट चालू असताना मोठमोठ्याने बोलून सगळ्यांना हैराण करते. मुखवटेवाला खुनी तिच्या शेजारी येतो खरा, पण त्याचे काम इतर प्रेक्षकच उरकून टाकतात. काळी बाई म्हणजे गोंगाट, या साच्यावर हसता हसता प्रश्न पडतो : हिला संपवण्याची घाई नेमकी कोणाला होती? विडंबनाचे सामर्थ्य ते हेच.

मात्र याच चित्रपटात समलिंगी कल असलेला तरुण, व्यायामशिक्षिकेचे पुरुषी शरीर, मतिमंद भासणारा पोलीस यांच्यावरही विनोद आहेत. तिथे साचा मोडत नाही, उलट पक्का होतो. साच्याचा जाच ज्यांनी स्वतः सोसला, त्यांनीच तो दुसऱ्यावर लादावा, ही खेदाची बाब आहे.

दुसऱ्या भागानंतर (२००१) वेयन्स बंधू बाजूला झाले. २०१३ च्या पाचव्या भागापर्यंत विडंबनाची निव्वळ नक्कल झाली होती. गाजलेली दृश्ये ओळखून हसायचे, एवढेच प्रेक्षकाच्या वाट्याला उरले.

ही कोंडी फोडली ती टिम स्टोरी दिग्दर्शित 'द ब्लॅकनिंग'ने. २०२२ च्या टोरांटो महोत्सवात तो दाखवला गेला आणि २०२३ मध्ये चित्रपटगृहांत आला. जंगलातले घर तेच, पण जमलेले सगळे मित्र कृष्णवर्णीय. मग आधी मरायचे कोणी? खुनी त्यांना फर्मावतो : तुमच्यातला सर्वांत 'काळा' कोण ते ठरवा आणि त्याला माझ्या हवाली करा. झाले! प्रत्येकजण आपण कसे कमी काळे आहोत, हे हिरिरीने पटवून देऊ लागतो.

या प्रसंगाला हसू येते आणि घशात अडकते. आपण 'तसले' नाही, हे ज्यांना घर भाड्याने घेताना, प्रवासात, नोकरीच्या मुलाखतीत सुचवावे लागते, त्या आमच्या वाचकांना या विनोदाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. 'त्यांच्यातला असूनही चांगला आहे' हे प्रशस्तिपत्र घेताना आपण कोणाला मागे ढकलतो, हा प्रश्न हा चित्रपट हसत हसत विचारतो. त्याची भीती विरळ आहे, खुन्याचे रहस्यही फारसे पकड घेत नाही. पण ज्याच्यावर हसायचे तो निवडताना त्याची नजर चुकलेली नाही.

२०२४ मध्ये वेयन्स बंधूंनी 'स्केअरी मूव्ही'कडे परतण्याची घोषणा केली. हल्लीचे प्रेक्षक फार हळवे झाले, आता मोकळेपणाने हसताही येत नाही, अशी ओरड अशा वेळी हमखास ऐकू येते. ती आम्हाला मान्य नाही. हसण्याला कोणाची बंदी नाही. पडद्यावर ज्याची टर उडते, तोही आता तिकीट काढून त्याच थिएटरात बसलेला आहे, इतकाच बदल झाला आहे. त्यालाही हसवता आले, तरच हे पुनरुज्जीवन खरे.