न दिसणारे फेरफार

इंदिरानगरच्या बाराव्या मेनला फुटणाऱ्या एका क्रॉस रस्त्यावर झाडाखाली एक लाल सॅन स्टॉर्म उभी असते. पहिल्या नजरेला तिच्यात वेगळं काही दिसत नाही. चाकं कंपनीच्याच मापाची, उंची कंपनीचीच. डिकीवर पंख नाही, बॉनेटवर पट्टे नाहीत. मालकाने गेली काही वर्षं या गाडीवर काम केलंय असं सांगितलं की लोक तिच्याभोवती एक चक्कर मारतात आणि विचारतात, ‘म्हणजे केलं तरी काय?’ मला हा प्रश्न फार आवडतो. बाकीच्या मॉडिफाय केलेल्या गाड्यांबद्दल तो कुणालाच विचारावा लागत नाही.

स्टॉर्म ही मुळात कोणती गाडी, हे आज बऱ्याच जणांना सांगावं लागतं. बंगळूरच्या सॅन मोटर्सने १९९८ साली ती बाजारात आणली आणि तिचा कारखाना होता गोव्यात, वेर्णा इथे. दोन दारं, दोन सीट, कापडी छत, फायबरग्लासची बॉडी. आकार फ्रान्सच्या ल माँ ग्रुपने काढलेला आणि इंजिनही फ्रेंचच: रेनॉचं ११४९ सीसीचं, साठ हॉर्सपॉवरचं, त्या काळच्या क्लिओ आणि ट्विंगोमध्ये असे तेच. रस्त्यावर एस्टीम आणि सिएलो म्हणजे थाट असलेल्या त्या दिवसांत एका भारतीय कंपनीने उघडी दोन सीटची गाडी विकायला काढावी, हे धाडस होतं की भाबडेपणा, यावर अजूनही वाद घालता येतो. पण बंगळूरला फायबरग्लास नवीन नव्हता. सिपानीने ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून बेतलेली डॉल्फिन १९८२ पासून इथे बनवली. हलक्या अंगाची म्हणून रॅलीवाल्यांनी तिला उचलून धरलं आणि घरगुती गिऱ्हाइकाने मारुती ८०० आल्यावर तिच्याकडे पाठ फिरवली. स्टॉर्मनंतर २००१ मध्ये आलेली विजेवरची रेवाही पत्र्याची नव्हती. हलकी, छोटी, थोडी विचित्र गाडी करून बघावी ही या शहराची जुनी खोड आहे.

स्टॉर्मचा स्वभाव तिच्या पुढच्या चाकांत आहे. इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना. रोडस्टरच्या सोवळ्या भक्तांना इथेच पहिली ठेच लागते, कारण त्यांच्या मते अशा गाडीला मागच्या चाकांनीच ढकलायला हवं. १९८९ साली माझ्दाने एमएक्स-५ काढून तो नियम जगभर पुन्हा पक्का केला. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. साठ हॉर्सपॉवरला कोणती चाकं फिरवतात यापेक्षा, गाडी हातात काय सांगते हे महत्त्वाचं. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात घाईने घातली की तिचं नाक बाहेर पळतं आणि स्टिअरिंग आणखी वळवलं तरी ऐकत नाही. या गाडीवर करायचं खरं काम तेवढंच आहे, आणि बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. पुढची बाजू खाली दाबतात, कडक करतात, टायर रुंद घालतात. गाडी दिसायला वाघ होते आणि वळणावर पहिल्यापेक्षा जास्त हट्टी.

या मालकाने सुरुवात केली ती शॉकअपपासून. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. स्प्रिंगला आवरणं हे शॉकअपचं. चाक हंपवर चढलं की स्प्रिंग दबते, उतरलं की ती उसळून पूर्वीच्या लांबीवर यायला बघते, आणि ती उसळी वेळेवर थांबवली नाही तर गाडी दोन-तीनदा मान डोलावते. जुने शॉकअप उघडून नव्याने भरून घेताना त्याने एक मागणी धरून ठेवली: दबताना मऊ राहू दे, उसळताना घट्ट धर. गॅरेजवाल्याला आधी ते पटेना, कारण ‘स्पोर्ट’ म्हणजे दोन्हीकडून कडक अशी त्याची समजूत. स्प्रिंगांना हात लावला नाही. इंदिरानगरात प्रत्येक क्रॉसच्या तोंडाशी हंप असतात, काही रंगवलेले, काही रात्रीत उगवलेले, त्यामुळे खाली बसवलेली गाडी इथे आठवड्यात पोट घासून घेते.

शॉकअपच्या या कामाचा अर्थ शेजारच्या सीटवर बसल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हंपवर येते, पुढची चाकं चढतात, एक गोल, बोथट धक्का लागतो. मग उतरताना तुम्ही अंग सावरून बसता, कारण एवढ्या छोट्या गाडीत पुढचा झोका येणार हे शरीराला पाठ असतं. तो येत नाही. नाक खाली जातं, एकदाच वर येतं आणि तिथेच थांबतं. मागची चाकं चढेपर्यंत गाडीने आधीचा हंप विसरलेला असतो. डॅशबोर्डवर ठेवलेली किल्ली जागची हलत नाही. या एका क्षणासाठी मी त्या गाडीचं सगळं काम दोनदा बघायला तयार आहे.

टायरच्या बाबतीत त्याची निवड जवळजवळ कंजूस म्हणावी अशी. मूळच्याच मापाचे, पण नवे आणि चांगल्या रबराचे. कमी वापराच्या गाडीचे टायर झिजत नाहीत, ते वयाने मरतात. नक्षी शाबूत दिसते आणि रबर लाकूड झालेलं असतं. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पार्किंगमधल्या हौशी गाड्यांचे हे आकडे वाचत फिरणं ही या माणसाची वाईट सवय आहे. रुंद टायर त्याने टाळले, कारण एवढ्या कमी वजनाखाली रुंद टायर रस्त्यावर नीट दाबला जात नाही आणि पावसात पाण्यावर लवकर तरंगतो. मोठी अलॉय चाकंही टाळली. स्प्रिंगच्या खालचं वजन जितकं जास्त, तितका प्रत्येक खड्डा शॉकअपला जड. माझ्दाची ती पहिली एमएक्स-५ ११६ हॉर्सपॉवरची असूनही १८५ मिलिमीटर रुंदीच्या आणि चौदा इंची टायरवरच धावायची, हे रुंदीच्या हौशी मंडळींना ऐकवावं लागतं.

नाकाच्या हट्टावर त्याने काढलेला उपाय इतका साधा आहे की सांगताना लाज वाटावी. व्हील अलाइनमेंट नीट करून घेतलं आणि मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा दोन पौंड हवा जास्त ठेवली. दोम्लूर फ्लायओव्हर उतरून रविवारी सकाळी लवकर इनर रिंग रोडला लागलं की त्याचा परिणाम कळतो. वळणात अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला की नाक आत येतं, विचारल्यासारखं, घाई न करता. वेग फारसा नसतोच. या इंजिनाचा जोर अडीच हजार आरपीएमच्या आसपास भरात येतो, त्यामुळे ते ओरडवावं लागत नाही, आणि शहरात तो गुण शेवटच्या वीस हॉर्सपॉवरपेक्षा मोलाचा.

सस्पेन्शनच्या सांध्यांमधले बुश त्याने रबराचेच ठेवले. पॉलियुरेथेनचे बुश लावले असते तर स्टिअरिंग आणखी धारदार झालं असतं, पण उघड्या गाडीला डोक्यावर छताची बांधणी नसते. खराब रस्त्यावर तिचं अंग थोडं पिळतंच, कडक बुश तो थरार थेट दारांत आणि काचेच्या चौकटीत नेऊन सोडतात. फायबरग्लासमध्ये मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात, आणि त्या रंगाने झाकता येत नाहीत. या निर्णयात मला त्याची सगळ्यात जास्त समज दिसते. त्याने एक गुण वाढवताना दुसऱ्याला इजा होऊ दिली नाही.

मग येतो रोजचा वापर, म्हणजे सिग्नल. २०२१ च्या एका जाहिरातीत राहुल द्रविड, आपला मराठी बोलणारा शांत माणूस, इंदिरानगरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीच्या छतातून वर येऊन दांडगाई करतो. तो विनोद सगळ्या देशाला कळला, पण हंड्रेड फीट रोडवर संध्याकाळी अडकलेल्याला तो विनोद वाटत नाही. सीएमएच रोडवर २०११ पासून डोक्यावरून मेट्रो धावते, खाली आपण पहिल्या गिअरमध्ये सरपटतो. अशा वेळी रेडिएटरच्या पंख्याचं महत्त्व कोणत्याही शॉकअपपेक्षा जास्त. त्याने पंख्याची मोटर आणि थर्मोस्विच बदलले, रेडिएटर आतून साफ करून घेतला. हेडलाइटला वेगळे रिले दिले. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेत गळतो. आता बॅटरीकडून दिव्यापर्यंत सरळ जाड वायर आहे, स्विच फक्त रिलेला हुकूम देतो. बल्ब तेच, वॉट तेवढेच, उजेड मात्र दीडपट वाटतो. बॉनेट उघडून त्या वायरी जरूर बघाव्यात. काळ्या कापडी टेपने गुंडाळलेल्या, जुन्या वायरींच्याच वाटेने नेलेल्या, कुठेही लोंबकळणं नाही. नवं काम कुठे सुरू झालं ते बोटाने शोधावं लागतं.

एक गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. गिअरवर त्याने ॲल्युमिनियमची गोल मूठ बसवली आहे. दिसते सुरेख, पण छत उघडं ठेवून गाडी एप्रिलच्या दुपारी उभी राहिली की ती हाताला चक्क चटका देते, आणि हा माणूस रुमाल टाकून गिअर बदलतो. रोजच्या वापराचा एवढा विचार केलेल्या गाडीत ही एकच गोष्ट नटवी आहे. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘अहो, एवढी तरी हौस करू द्या की!’

कायद्याची बाजू लोक विसरतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलापाठी मालकाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. कर्णकर्कश सायलेन्सर आणि फेंडरबाहेर डोकावणारी चाकं मिरवणाऱ्यांना हा जाच वाटतो. या गाडीला त्याची झळ लागत नाही. पंधरा वर्षं उलटलेली गाडी आरसीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत न्यावी लागते. तिथे इन्स्पेक्टरने चेसिस नंबर घासून बघितला, दिवे बघितले, ब्रेक मारून बघितला आणि सही केली.

सध्या काम अडलंय ते दारांच्या रबरावर. मूळ रबर मिळत नाही, छताच्या कडेने पावसाचं पाणी उजव्या सीटवर येतं. त्याने चार वेगवेगळ्या गाड्यांची रबरं हातभर कापून आणली आहेत आणि एकेक तुकडा दाराच्या खाचेत बसवून, दार लावून, पाण्याचा पाइप मारून बघतोय. आतापर्यंत सगळ्यात बरं बसलेलं रबर एका जुन्या व्हॅनच्या सरकत्या दाराचं आहे, फक्त वरच्या कोपऱ्यात ते वळायला तयार नाही. जूनच्या आत ते वळवायचंय.