ओळखीची पात्रे आणि जागेची घडण : थीम पार्कच्या रचनेचा वेरूळ-खुलताबादच्या संदर्भात विचार

प्रास्ताविक

थीम पार्क हा करमणुकीचा प्रकार महाराष्ट्रात आता नवा राहिलेला नाही. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराई येथे एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले आणि त्यानंतर शिर्डीत साई तीर्थ हे भक्तिविषयक थीम पार्क आकारास आले. या उद्यानांची चर्चा बहुधा गुंतवणूक, रोजगार आणि पर्यटकांची संख्या या अंगांनी होते. रचनेची कला म्हणून त्यांच्याकडे फारसे पाहिले जात नाही. वास्तविक अशा उद्यानात कथा, शिल्प, वास्तू, ध्वनी, प्रकाश आणि प्रेक्षकाची हालचाल यांचा मेळ घातलेला असतो. त्यामुळे नाटक किंवा चित्रपट यांप्रमाणेच हाही समीक्षेचा विषय ठरतो.

या कलेतील एक मूलभूत वाद असा : उद्यान प्रेक्षकांना आधीच ठाऊक असलेल्या कार्टून व चित्रपटांतील पात्रांवर उभारावे, की केवळ त्या जागेसाठी कल्पिलेल्या स्वतंत्र आकर्षणांवर? पहिल्या पक्षाला पात्रांची लोकप्रियता हा हमखास आधार वाटतो. दुसऱ्या पक्षाला तीच गोष्ट कल्पनादारिद्र्याची खूण वाटते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पात्र ओळखीचे आहे की नवे, हा प्रश्न दुय्यम आहे. ते जागेच्या घडणीत किती मुरलेले आहे, हा प्रधान प्रश्न होय. या प्रतिपादनाला सर्वांत भक्कम आधार खुद्द खुलताबाद तालुक्यात, वेरूळच्या कैलास लेण्यात आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या स्थानी सापडतो. येथे श्रद्धास्थानांना करमणुकीच्या पंक्तीत बसविण्याचा हेतू नाही. ठाऊक असलेल्या कथेला जागेचे रूप कसे द्यावे, एवढ्याच मर्यादित अर्थाने त्यांचा विचार केला आहे.

वादाची पार्श्वभूमी

आधुनिक थीम पार्कचा आदर्श म्हणून अमेरिकेतील डिस्नेलँडकडे पाहिले जाते. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे ते सुरू झाले. मिकी माउस आणि त्याचे सवंगडी हे या उद्यानाचे भांडवल होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. त्या उद्यानाचे चिन्ह ठरलेला राजवाडा 'स्लीपिंग ब्यूटी' या राजकन्येच्या नावाने ओळखला जातो; परंतु तिच्यावरील डिस्नेचा चित्रपट १९५९ मध्ये, म्हणजे राजवाडा उभा राहिल्यानंतर सुमारे साडेतीन वर्षांनी पडद्यावर आला. मुख्य रस्त्याच्या टोकाशी उभे राहून लोकांना आत खेचून घेणे, हे त्या वास्तूचे काम होते. ते काम तिने चित्रपटाची वाट न पाहता केले.

१९६७ मध्ये आलेली समुद्री चाच्यांची नौकासफर 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' आणि १९६९ मधील भुतांचा वाडा 'हाँटेड मॅन्शन' ही दोन्ही आकर्षणे कोणत्याही चित्रपटावर बेतलेली नव्हती. पुढे चाच्यांच्या सफरीवरून २००३ मध्ये चित्रपट निघाला आणि त्यातील नायक जॅक स्पॅरो २००६ मध्ये मूळ सफरीत पुतळ्याच्या रूपाने येऊन बसला. आकर्षणातून पात्र जन्मले आणि पात्र आकर्षणात परतले. तथापि या पुतळ्यांमुळे सफरीचा गाभा बदलला नाही. नौका दलदलीच्या शांत पाण्यातून निघते, अंधारात खाली घसरते, गुहांतील सांगाडे दाखविते आणि मग तेच चाचे जिवंतपणी काय करीत होते ते दाखविते. मृत्यूकडून जीवनाकडे जाणारा हा उलटा क्रम पाण्याच्या प्रवाहातच गुंफलेला आहे. जॅक स्पॅरोविना ही सफर ३९ वर्षे चालली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

याउलट उदाहरण फ्लोरिडातील एपकॉटचे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सुरू झालेल्या या उद्यानातून आरंभी कार्टून पात्रे हेतुपुरस्सर दूर ठेवण्यात आली होती. तेथील नॉर्वे विभागातील 'मेलस्ट्रॉम' ही नौकासफर २०१४ मध्ये बंद झाली आणि २०१६ मध्ये त्याच जलमार्गावर 'फ्रोझन' या चित्रपटाची सफर सुरू झाली. स्वतंत्र कल्पनेचा हा पराभव आहे, असे अनेकांना वाटले. परंतु जो जलमार्ग एक कथा सोडून दुसरी कथा इतक्या सहजपणे धारण करतो, त्याच्याशी पहिली कथा तरी कितपत जोडलेली होती, हेही विचारले पाहिजे. आकर्षण स्वतंत्र असले म्हणजे ते जागेशी एकजीव असतेच, असे नाही.

या उदाहरणांवरून दोन कसोट्या हाती येतात. पात्र काढून घेतल्यास रचनेत काही उरते काय, ही पहिली. त्या पात्राच्या जागी दुसरे बसविल्यास रचनेला धक्का बसतो काय, ही दुसरी. पहिलीतून रचनेची ताकद कळते, दुसरीतून पात्र आणि रचना यांचे नाते कळते.

महाराष्ट्रातील चित्र

मराठी माणसाच्या स्मरणातील पहिले 'विषयाधिष्ठित' आकर्षण कोणते, असा प्रश्न केल्यास बहुधा मुंबईच्या मलबार हिलवरील कमला नेहरू पार्कमधील म्हातारीच्या बुटाचे नाव पुढे येईल. बुटात राहणाऱ्या आणि पुष्कळ मुले असणाऱ्या म्हातारीचे एक इंग्रजी बालगीत आहे. हा बूट त्यावरून आला. म्हणजे मुळात हे उसनेच पात्र. पण बुटापाशी म्हातारीचा पुतळा असण्याची गरज कोणाला भासली नाही. आत शिरायचे, जिना चढायचा आणि वरून डोकवायचे, एवढ्यात मुलाचे काम झाले; गीतातील पुष्कळ मुलांपैकी एक तेच झाले. ते बालगीत कधीच न ऐकलेल्या पिढ्यांनी 'म्हातारीचा बूट' हे नाव आपलेसे केले. पहिल्या कसोटीला हा साधा सिमेंटचा बूट पूर्णपणे उतरतो.

इमॅजिकाने दोन्ही मार्ग चोखाळले. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया' या चित्रपटावरील राइड आणि 'छोटा भीम'च्या नावाची राइड ही ओळखीच्या पात्रांची उदाहरणे. 'राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर' ही पाण्यातील राइड दुसऱ्या मार्गाची. राजासॉरस हा नर्मदेच्या खोऱ्यात जीवाश्मरूपाने सापडलेला आणि २००३ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला भारतीय डायनासोर. परदेशी चित्रपटातील प्राणी न आणता येथल्या मातीतला प्राणी निवडणे, ही कल्पकता निश्चितच दाद देण्याजोगी आहे. 'मिस्टर इंडिया'ची गोष्ट निराळी. पडद्यासमोर हलणारी आसने हे तंत्रच असे आहे की, पडद्यावरील चित्रफीत बदलली की राइड बदलते. येथे पात्र दुसऱ्या कसोटीला उतरत नाही. हा दोष चित्रपटाचा नसून तंत्राच्या निवडीचा आहे.

साई तीर्थमधील 'लंकादहन' या दृक्‌श्राव्य प्रयोगाचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. हनुमानाची कथा प्रेक्षकाला मुखोद्गत असते, त्यामुळे प्रयोगाला प्रस्तावनेची गरज पडत नाही. मात्र ही सोय हाच धोकाही ठरतो. प्रेक्षकाला जे आधीच माहीत आहे त्याची मोठ्या आवाजात उजळणी करणे आणि त्याच गोष्टीत त्याला न दिसलेले काही दाखविणे, यांत अंतर आहे. हे अंतर समजून घेण्यासाठी शिर्डीहून सुमारे शंभर किलोमीटरवरील वेरूळकडे वळणे उपयुक्त ठरेल.

वेरूळ : कथेला पेलणारी वास्तू

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी सोळावे, कैलास, हे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. शिव, पार्वती, रावण, राम, पांडव ही येथली सारी पात्रे त्या काळच्या प्रेक्षकाच्या पूर्ण ओळखीची होती. 'केवळ नवी कल्पनाच श्रेष्ठ' हा निकष लावला, तर कैलासाला गौण ठरवावे लागेल. तसे होत नाही, याचे कारण रचनेत आहे.

प्रथम प्रवेशाचा विचार करू. दर्शनी भिंत आणि प्रवेशद्वार आतील मंदिर बऱ्याच अंशी झाकून धरतात. आत शिरताच समोर गजलक्ष्मीचे शिल्प येते आणि सरळ जाण्याचा मार्ग अडतो. प्रेक्षकाला डावीकडे किंवा उजवीकडे वळावेच लागते. वळल्यावर अंगणातील प्रचंड हत्ती आणि उंच स्तंभ एकदम सामोरे येतात आणि मान आपोआप वर जाते. झाकणे, थांबविणे, वळविणे आणि मग उघडून दाखविणे, हा क्रम आजच्या कोणत्याही कुशल उद्यानरचनाकाराला ओळखीचा वाटेल.

मंदिराच्या दक्षिण अंगाला, चौथऱ्याच्या खालच्या भागात, कैलास पर्वत हलविणारा रावण कोरलेला आहे. वर शिव निश्चिंत बसले आहेत, पार्वती भयाने त्यांना बिलगली आहे आणि खाली सावलीत रावण आपले सारे बळ पणाला लावतो आहे. हा प्रसंग इतर लेण्यांतही आढळतो. येथे मात्र ज्या वास्तूला कैलास म्हणतात, तिच्याच तळाशी तो येतो. त्यामुळे रावण केवळ शिल्पातला पर्वत हलवीत नाही. प्रेक्षक ज्या मंदिराखाली उभा आहे, तेच तो हलवू पाहत आहे. त्याच्या जागी दुसरा कोणताही असुर बसविला, तर शिल्प उत्तम राहील, पण वास्तूचा अर्थ ढळेल. दुसऱ्या कसोटीचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

रामायण आणि महाभारताचे शिल्पपटही येथे आहेत. हे प्रसंग एकावर एक अशा आडव्या ओळींत कोरलेले असल्याने पाहणाऱ्याला क्षणभर थांबून ते वाचावे लागतात. कथा ठाऊक असली, तरी ती शोधण्याचे काम प्रेक्षकावर सोपविलेले आहे.

खुलताबाद : निद्रिस्त मारुती

वेरूळपासून चार-पाच किलोमीटरवर खुलताबाद आहे. सूफी संतांचे दर्गे, मलिक अंबर आणि औरंगजेब यांच्या कबरी, जुना तट आणि वेशी यांमुळे या गावाला स्वतःचा चेहरा आहे. येथील भद्रा मारुतीची मूर्ती उभी किंवा उड्डाण करणारी नसून पहुडलेली आहे. आख्यायिकेनुसार येथील भद्रसेन राजा रामभक्तीची गीते गात असे. ती ऐकता ऐकता हनुमान भावसमाधीत गेला आणि तेथेच पहुडला. हनुमान जयंतीला आणि श्रावणातील शनिवारी पायी येणाऱ्या भाविकांची येथे दाटी होते.

रचनेच्या दृष्टीने ही मूर्ती फार महत्त्वाची आहे. हनुमान हे भारतातील बहुधा सर्वाधिक ओळखीचे पात्र. २००५ मध्ये त्याच्यावरील ॲनिमेशनपट गाजला आणि त्यानंतर बालविश्वात त्याची प्रतिमा उडणारा, गदा फिरविणारा वीर अशी पक्की झाली. खुलताबादचा मारुती काहीच करीत नाही; तो ऐकतो. सर्वपरिचित पात्राचा कमी परिचित गुण, म्हणजे श्रोतेपण, या एका जागेने पुढे आणला. मूर्ती आडवी असल्याने पाहणाऱ्याची नजरही वर न जाता खाली येते. पात्र तेच असूनही अनुभव निराळा होतो आणि तो अन्यत्र उचलून नेता येत नाही, कारण ती मुद्रा त्या स्थानाच्या कथेतून आलेली आहे.

आक्षेप आणि त्यांचा विचार

यावर असा आक्षेप संभवतो की, प्राचीन शिल्पांचे माप करमणुकीला लावणे अन्यायाचे आहे. चार वर्षांच्या मुलाला छोटा भीम दिसताच जो आनंद होतो, तो खराच असतो. अनोळखी, गजबजलेल्या जागेत ओळखीचा चेहरा भेटणे, हा लहान मुलासाठी मोठा आधार आहे. शिवाय तिकिटांवर चालणाऱ्या उद्यानाला गिऱ्हाईक दारापर्यंत आणावेच लागते. हे सर्व मान्य केले पाहिजे. पण ओळखीचे काम दारापाशी संपते. आत गेल्यावर मुलाने पाहायचे, चढायचे, घाबरायचे, शोधायचे ते काय, याचे उत्तर पात्र देत नाही. ते रचनेलाच द्यावे लागते. गावोगावच्या बागांत उभे असलेले फायबरचे मिकी माउस पाहिले की हे पटते. मूल धावत जाते, फोटो निघतो आणि ते झोपाळ्याकडे वळते.

दुसरा मुद्दा काळाचा आहे. कार्टून पात्रांचे हक्क त्यांच्या निर्मात्यांकडे असतात आणि वाहिन्यांवरील लोकप्रियता ओसरली की पात्राचे आकर्षणही ओसरते. 'छोटा भीम' २००८ मध्ये दूरचित्रवाणीवर आला. त्याआधीच्या पिढीची पात्रे वेगळी होती, पुढच्या पिढीचीही वेगळी असतील. बूट, गुहा, चढ, उतार आणि पाणी यांना अशी मुदत नसते.

निष्कर्ष

वेरूळ, खुलताबाद आणि म्हैसमाळ या पट्ट्यात पर्यटकांसाठी सोयी वाढत आहेत आणि पुढेही वाढतील. मुलांसाठी काही उभारायचे ठरले, तर सोपा मार्ग पात्रांचे पुतळे मांडण्याचा असेल. वरील विवेचनानुसार तो मार्ग टाळण्याचे कारण पात्रांचे परकेपण हे नाही. ज्या परिसराने सर्वपरिचित कथांना जागेची देहबोली दिली, तेथे ते काम आधीच्या पातळीच्या फार खाली जाईल, हे खरे कारण आहे.

पर्यायाचा शोध घेण्यास फार दूर जावे लागत नाही. भोपळ्यात बसून जंगलातून लेकीच्या घराहून परतणारी म्हातारी मराठी मुलांना ठाऊक आहे. तिचा भोपळा हे मुळातच वाहन आहे. तो घरंगळतो, आत बसलेल्याला लपवितो आणि बाहेर वाघ-अस्वल वाट पाहत असतात. या कथेवर रचना करताना मुलाला भोपळ्याच्या आत बसविता येईल. म्हातारी दाखविण्याची गरजच उरणार नाही. भोपळ्याऐवजी मोटार ठेवली, तर लपण्याची युक्ती आणि पर्यायाने सारी कथा कोसळेल. पात्र ओळखीचे आणि रचना अदलाबदल न होणारी, हे दोन्ही येथे साधते.

कैलासाच्या शिल्पींनी नवी पात्रे निर्माण केली नाहीत. त्यांनी जुन्या रावणाला नेमकी जागा शोधून दिली. उद्यानरचनाकारांनी पात्रांची निवड करण्यापूर्वी मुलांना या लेण्यात नेऊन ती कोठे थांबतात, कोठे वळतात आणि कशाकडे बोट दाखवितात, याची नोंद केली, तरी कामाची सुरुवात योग्य ठिकाणाहून होईल.