वार्धक्य, विस्मृती आणि कथनाची नीती

मराठी भाषेने वार्धक्यातील मनोविकारांना नाव देण्यापूर्वीच त्यांची थट्टा करून ठेवली आहे. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण, 'म्हातारचळ' हा शब्द आणि कौतुकाची वाटणारी 'दुसरे बालपण' ही कल्पना, या तिन्हींतून बुद्धीचा ऱ्हास हा वयाचा धर्म ठरतो. तो आजार असू शकेल ही शक्यताच उरत नाही. 'वृद्धाश्रम' हा शब्दही फसवा आहे. जेथे माणसाला पुष्कळदा इतरांनी आणून ठेवलेले असते, त्या मुक्कामाला 'आश्रम' या पदामुळे स्वेच्छेने पत्करलेल्या निवृत्तीची छटा मिळते. 'नर्सिंग होम' म्हटले की खाजगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. मन आणि स्मृती ढासळलेल्या वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा जेथे होते, त्या वास्तूला सर्वांच्या तोंडी रुळलेला शब्द नाही. अशा वास्तूतील माणसांकडे साहित्याने कसे पाहावे, हा म्हणूनच केवळ विषयाचा नव्हे, तर कथनाच्या नीतीचा प्रश्न ठरतो.

मराठी रंगभूमीवरील वार्धक्याची सर्वश्रुत प्रतिमा म्हणजे शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील (1970) गणपतराव बेलवलकर. मुलांना सर्वस्व देऊन बसलेला, पत्नीच्या मृत्यूने उन्मळलेला हा नट अखेरीस आपल्या जुन्या भूमिकांत हरवतो. शोकात्मिकेच्या दृष्टीने हा भ्रम उचितच आहे. किंग लिअरचे वेडही तसेच आहे. परंतु या परंपरेत वेडामुळे भाषा क्षीण होत नाही, उलट ती उंचावते. स्मृतिभ्रंशाची वाट नेमकी उलटी असते. तो आधी नावे नेतो, मग वाक्ये, मग बोलण्याची इच्छा. शिवाय गणपतरावांचे भान सुटणे हा मुलांवरील अभियोग बनतो. प्रेक्षकाचे लक्ष दोषी कोण याकडे वळते. त्या मनाचे आत काय झाले, हा प्रश्न मागे पडतो.

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तही हेच घडते. नाना आणि नानी यांच्या एकाकीपणाचा तपशील नाटककाराने विलक्षण जिव्हाळ्याने टिपला आहे. त्यांच्या आत्मनाशाकडे मात्र दुरावलेल्या मुलांच्या संदर्भातच पाहिले जाते. ज्या विषण्णतेतून तो निर्णय येतो, ती उपचारांनी हटू शकणारी व्याधी असू शकते, हे नाटकाच्या चर्चेत क्वचितच येते. दुःखाला कारण सापडले की निदानाची गरज संपली, असे वाचक गृहीत धरतो. वस्तुतः कारण असलेले दुःखही आजाराचे रूप घेते, आणि कारण दूर न होताही त्या आजारावर उपचार होऊ शकतो.

गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि' (2018) या हिंदी कादंबरीने या विषण्णतेला वेगळे रूप दिले. पतीच्या निधनानंतर ऐंशीच्या घरातील आई कुटुंबाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडते. तिला उठवण्याची घरच्यांची धडपड आणि त्या पाठीचे मौन, यांच्यातील विसंगतीवर लेखिका पाने खर्च करते. येथे दोषारोप नाही आणि वक्तृत्वही नाही. एका शरीराचा नकार आहे. पुढे आई उठते, याचे महत्त्व मोठे आहे. वार्धक्यातील विषण्णता म्हणजे शेवटच, ही समजूत त्या उठण्याने मोडते.

ही आई घरात आहे. शुश्रूषागृहाचे अंतरंग उलगडणारी कथा म्हणून कॅनडाच्या अ‍ॅलिस मन्रो यांच्या 'द बेअर केम ओव्हर द माउंटन' (1999) या कथेकडे वळावे लागते. स्मृती हरवत चाललेली फिओना 'मेडोलेक' या संस्थेत दाखल होते. पहिले तीस दिवस भेटीस मज्जाव असतो. पती ग्रँट महिन्याने येतो, तेव्हा ती ऑब्री नावाच्या चाकाच्या खुर्चीतील रहिवाशात गुंतलेली असते. एकेकाळी तिच्याशी प्रतारणा केलेला हा पती आता परका होऊन तिच्याकडे पाहत राहतो. ऑब्रीला त्याची पत्नी खर्चाच्या चिंतेने घरी नेते आणि फिओना खचते. अधिक ढासळलेल्या रुग्णांसाठी राखलेला वरचा मजला तिच्यापुढे उभा राहतो. नियम, मजले, परिचारिका, पैसा या साऱ्यांनी मिळून त्या वास्तूचे जग उभे राहते. तो तुरुंग नाही आणि आश्रमही नाही; तेथे नवी नाती जुळतात आणि तुटतात.

मन्रो यांचा खरा विवेक निवेदनात आहे. कथा फिओनाच्या मनात शिरण्याचा दावा करत नाही. ती ग्रँटच्या नजरेतून दिसते, आणि त्याची नजर निर्दोष नाही. फिओना विसरली आहे की त्याला खेळवते आहे, अशी शंका त्याला येत राहते. वाचकालाही तिचा निकाल लावता येत नाही. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा मोह टाळल्यामुळेच तिचे व्यक्तित्व अबाधित राहते.

मराठीत या विवेकाच्या जवळ जाणारी कृती म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (2013) हा चित्रपट. त्यातील संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री यांची भाषा विरत जाते, आणि हत्तीसोबत फिरणारी कानडी चन्नम्मा त्यांना भाषेवाचून समजून घेते. मात्र हा आश्रय योगायोगाचा आहे. संस्थेतील दैनंदिन शुश्रूषा तेथेही नाही.

2007 च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार वृद्धांसाठी एका निवासाची कल्पना आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सन्मानाने जगण्याचा हक्क दिला. निवास आणि हक्क यांचा उच्चार कायद्याने केला. त्या निवासातील एका दुपारचे वर्णन करणे साहित्याचे काम आहे. तेथे औषधांच्या वेळा आहेत, अंघोळ घालणारे हात आहेत, एकाच प्रश्नाला दहाव्यांदा दिले जाणारे उत्तर आहे. मुलांना दोषी ठरवून तेथून परतणाऱ्या लेखनाला ही दुपार दिसत नाही. म्हणून गणपतरावांसाठी अश्रू ढाळलेल्या वाचकाने पुढचा प्रश्न विचारायला हवा: शब्द संपल्यावरही तेथे उरलेल्या माणसाकडे पाहण्याची तयारी मराठी लेखनाची आहे काय?