स्वगताकडून सभेकडे

जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या १८८३ सालच्या ग्रंथाविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात दोनच मते ऐकू येतात. कोणी त्याच्या कठोर भाषेमुळे नाके मुरडतात. कोणी तो करुणेचा ग्रंथ म्हणून हळहळतात. आमच्या मते दोघेही त्याच्या मर्मास चुकतात.

ह्या ग्रंथातील सर्वांत जिवंत चित्र कलेक्टरच्या छावणीकडून निराश होऊन परतणाऱ्या कुणब्याचे आहे. तो एकटाच, स्वतःशी बडबडत आहे. त्याचे म्हणणे मुद्देसूद आहे. नाही तो केवळ ऐकणारा. ते स्वगत टिपून घेणे ही जोतीरावांची थोरवी होय. तथापि ग्रंथाचे न्यूनही येथेच आहे. बंधारे, विद्यादान इत्यादी उपाय त्यांनी सुचविले खरे. परंतु ते योजावयाचे सरकारने. गाऱ्हाणे वर जाते, कुणबी जागीच राहतो. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापणाऱ्या पुरुषास संघटनेचे महत्त्व ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? परंतु ग्रंथातला कुणबी सभेपर्यंत पोहोचत नाही.

तो पोहोचला पन्नास वर्षांनी, कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथील कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा ठराव केला, आणि उपासमार सोसून तो सुमारे सहा वर्षे पाळला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मोर्चाने त्याच कायदेमंडळावर गेले. त्या काळी मताधिकार मालमत्ता, सारा किंवा शिक्षण ह्यांवर अवलंबून असल्याने बहुसंख्य प्रौढांस मतच नव्हते. मत मिळण्यापूर्वीच ही माणसे ठराव करणे, तो पाळणे आणि कायदा मागणे शिकली होती. १९३९ साली मुंबई इलाख्यात कुळकायदा झाला.

लोकशाही शेतकऱ्यास वरून मिळालेली देणगी आहे, हा आमचा समज ह्या इतिहासापुढे टिकत नाही. कुणब्याची कीव करणे आम्हांस सोपे जाते; तो सभेत उभा राहून आमचेच म्हणणे खोडू लागला, की मात्र आम्ही त्यास अडाणी ठरवितो. ‘असूडा’च्या भाषेने आजही दुखावणाऱ्या वाचकाने आपणांस नेमके काय बोचते, हे एकदा तपासून पाहावे.