चवथीचा खडा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा चंद्र मोठी अडचणीची वेळ साधून येतो. चार दिवसांची ती कोर दिवस मावळता मावळता पश्चिमेला झाडांच्या शेंड्यांवर उमटते आणि दोन-अडीच तासांत अस्तालाही जाते. म्हणजे गणपती घरी आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी, आरतीची बोलावणी फिरत असताना, माणसे या अंगणातून त्या अंगणात ये-जा करीत असताना, नेमकी तेवढाच वेळ ती आकाशात असते. वर पाहू नका, असे वडीलधाऱ्यांनी बजावलेले असते. पावसापाण्याच्या त्या दिवसांत एरवी आकाशाकडे कुणाचे लक्षही नसते. तरी ढगांच्या फटीतून ती दिसायची तेव्हा दिसतेच, आणि दिसली की चोरीचा आळ ठरलेला. या दोषावर लोकांनी जो उतारा शोधून काढला आहे, त्याचा आस्वाद आपण जरा सावकाश घेऊ या. शेजाऱ्याच्या घरावर खडा टाकायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या, एवढाच तो उतारा. उत्तरेकडे तर या तिथीचे लोकांच्या तोंडचे नावच ‘ढेला चौथ’ आहे.

आधी तो खडाच हातात घेऊन पाहू. तो खडा असतो, धोंडा नव्हे, आणि या एका निवडीत केवढा विवेक साठवलेला आहे! कौलारू घराची कौले परतायची ती वैशाखात. एकदा मृग लागला की छपराला हात लावायची सोय नाही. भाद्रपदात एखादे कौल फुटले, तर उरलेला पावसाळा त्या घराला चुलीपाशी नाहीतर थेट गणपतीच्या मखराशेजारी गळतीखाली भांडे ठेवून काढावा लागेल. म्हणून कौल शाबूत राहील पण आवाज मात्र आतल्या माणसांपर्यंत पोचेल, अशा बेताने तो फेकायचा असतो. उतरत्या छपरावर तो टण्णदिशी आपटतो, दोन-तीन कौलांवरून घरंगळतो आणि पागोळ्यांनी अंगणाच्या कडेला पाडलेल्या खळग्यांच्या ओळीत येऊन पडतो. अपराध घडला तो त्या आवाजापुरता. कुणाचे काही गेले नाही, काही मोडले नाही. पण आतल्या घराला दचकवले गेले, एवढे मात्र खरे, आणि हे खरेपणच या साऱ्या विधीचे मर्म आहे.

मग येतात शिव्या. आज चवथ आहे, हे आतल्या काकूंना ठाऊक असते. खडा का पडला, हेही त्यांना ठाऊक असते; बहुधा कोणाच्या पोराने टाकला, तेही. तरी त्या कंदील घेऊन ओटीवर येतात, पदर खोचतात आणि अंधाराकडे तोंड करून सुरू होतात, ‘कोण रे तो मुडदा? हात झडले तुझे! आई-बापांनी हेच शिकवलं का?’ गडग्याआड दबून बसलेला अपराधी एकेक शब्द जिवाचे कान करून ऐकतो, कारण त्याला त्यातला प्रत्येक शब्द हवा आहे. काकू जर समजुतीने हसल्या, ‘जा बाळा, कळलं मला’ म्हणाल्या, तर त्याचा दोष तसाच राहील. म्हणून त्या हात आखडता घेत नाहीत. सणासुदीच्या दिवशी, आत देव बसलेला असताना, दुसऱ्याच्या अंगावरचा आळ उतरावा म्हणून आपले तोंड विटाळून घेणारे हे औदार्य आपल्या लोकाचारांत मला फार थोर वाटते. चोरून केलेल्या दानाइतकेच ते गुप्त आहे, फक्त ते मोठ्याने दिले जाते.

आणि हे मोठ्याने असणेच महत्त्वाचे आहे. ज्या कथेशी हा दोष जोडला जातो, ती स्यमंतक मण्याची कथा या उजेडात पुन्हा वाचावी. सत्राजिताला सूर्याकडून मणी मिळाला; श्रीकृष्णाने तो राजा उग्रसेनाला द्यावा म्हणून सुचवले आणि त्याने नाकारले. पुढे त्याचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला गेला, त्याला सिंहाने मारले, सिंहाला जांबवानाने मारले आणि मणी त्याच्या गुहेत गेला. इकडे सत्राजिताने कृष्णावरची शंका बोलून दाखवली आणि द्वारकेत ती या कानातून त्या कानात सरकत राहिली. भागवताच्या दशम स्कंधातला हा तपशील फार सूक्ष्म आहे. कुजबुजीला समोर कुणी उभे नसते, मग उत्तर द्यायचे कुणाला? ती पुसून काढण्यासाठी कृष्णाला रानातला माग काढीत गुहेत शिरावे लागले, जांबवानाशी 28 दिवस झुंजावे लागले, मणी आणून भर सभेत परत करावा लागला. कंदिलाच्या उजेडात ओरडून दिलेली शिवी याच्या अगदी उलट आहे. ती अंगणात सुरू होते आणि अंगणातच संपते.

याच कृष्णाचे दुसरे रूप आता शेजारी आणून ठेवू. गोकुळात त्याने खरोखर चोऱ्या केल्या, शिंक्यावरची मडकी फोडली, आणि गौळणी यशोदेच्या दारात गाऱ्हाणी घेऊन आल्या. एकनाथांसारख्या आपल्या संतांनी ती गाऱ्हाणी किती जीव लावून गायली आहेत! त्या खऱ्या चोरीचा कलंक कुणाला लागला नाही. आणि मोठेपणी, एक मणीही न चोरता, त्याच्यावर चोरीचा आळ आला. पंचांगात पाहा, गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला आणि ही चतुर्थी तिच्यानंतर जेमतेम अकरा दिवसांनी. दहीहंडीचे दोर नुकते सुटलेले असतात. खोट्या आळावर लोकांनी औषध म्हणून योजली ती त्याच बालपणातली खरी खोडी, शेजारणीने भांडत यावे अशी. मोठ्यांच्या जगातला डाग गोकुळातल्या पाण्याने धुवायचा, ही कल्पना कोणाही एका कवीची नाही, म्हणून तिचे अधिक नवल वाटते.

वर्षाच्या दुसऱ्या अंगाला शिमगा उभा आहेच. तिथे पूर्ण चंद्राच्या साक्षीने शेजाऱ्याची लाकडे, रचलेल्या गोवऱ्या, कधी मोडकी शिडी नाहीतर खाटेचा माचा पोरे होळीसाठी पळवतात, आणि एकदा होळीत पडलेली वस्तू मागायची नाही, हा दंडक घरधनीही पाळतो. तिथे बोंब मारणारी पोरे असतात, इथे घरची बाई. शिमग्याला आवाज कितीतरी जास्त. नाजूकपणा मात्र चवथीचाच.

एक निवड मात्र उरते, घर कोणाचे? ज्याच्याशी बांधाचा दावा चालू आहे, त्याच्या छपरावर कुणी खडा टाकीत नाही. तो खडा भांडणाचा होईल आणि त्याच्या शिव्या खऱ्याच लागतील. जिथे रोज वाटीभर विरजण मागायला जाता येते, तेच घर लागते. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. अळू, भेंडी, पडवळ घालून केलेली ऋषीची भाजी घेऊन काल ओरडलेल्या काकू दारात येतात, खडा टाकणारा पोरगा पुढे होऊन त्यांच्या हातातले भांडे घेतो, आणि आदल्या रात्रीचा विषय दोघांपैकी कुणीही काढीत नाही.