कॅमेऱ्याची हुशारी आणि प्रयोगाची साक्ष

जळती मेणबत्ती काचेच्या पेल्याखाली झाकली की थोड्याच वेळात विझते. हा प्रयोग वर्गात केला नाही असा विज्ञानशिक्षक विरळाच. गेल्या वर्षी आम्ही तो मोबाइलवर चित्रित केला आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्या विद्यार्थ्यांना दाखवला. त्यांतील एका मुलीने निरीक्षणाच्या रकान्यात लिहिले, 'ज्योत लहान होत गेली तशी मागची भिंत उजळत गेली.' आम्ही त्यावर लाल शाईने फुली मारली. नंतर चित्रफीत पुन्हा पाहिली आणि खजील झालो. भिंत खरोखरच उजळत होती! मुलीने दिसले तेच लिहिले होते. चुकीची साक्ष दिली होती ती कॅमेऱ्याने.

असे का व्हावे? मोबाइलचा स्वयंचलित कॅमेरा चित्र 'छान' दिसावे म्हणून झटत असतो. ज्योत मंदावली तसा एकूण प्रकाश कमी झाला. कॅमेऱ्याने लगेच आपली संवेदनशीलता वाढवली आणि खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडातली भिंत लखलखीत दिसू लागली. वजन चालू असतानाच तराजूने आपली मापे बदलावीत, तसाच हा प्रकार.

सर्व सूत्रे आपल्या हाती देणारी कॅमेरा ॲप यावर उपाय म्हणून सांगितली जातात. त्यांपैकी 'ओपन कॅमेरा' हे अँड्रॉइडवरील ॲप आम्ही प्रयोगशाळेत वापरून पाहिले. मार्क हार्मन यांचे हे ॲप 2013 पासून उपलब्ध आहे. ते विनामूल्य आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि त्याची संगणकीय संहिताही सर्वांना खुली आहे. शाळेच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत.

पहिली कसोटी अर्थातच मेणबत्तीची. ॲपमध्ये प्रकाशमानाला कुलूप लावून चित्रण केले. या वेळी ज्योत विझताना चित्रही अंधारले. दुसरी कसोटी हळदीच्या पाण्याची. त्यात चुन्याची निवळी टाकली की पिवळा रंग जाऊन तांबडा येतो. स्वयंचलित चित्रणात मात्र दोन्ही रंग फिके आले, कारण चौकटभर पसरलेला पिवळा रंग हा दिव्याचाच दोष आहे असे समजून कॅमेरा तो 'दुरुस्त' करत होता. या दुरुस्तीला व्हाइट बॅलन्स म्हणतात. पांढरा कागद समोर धरून तो एकदा ठरवला आणि तिथेच कुलूपबंद केला. मग डोळ्यांना दिसणारे रंग बऱ्याच अंशी चित्रातही उतरले.

तिसरी अडचण ट्यूबलाइटची. आपल्याकडील विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे, त्यामुळे चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते. चित्रात सरकणारे काळे पट्टे दिसतात ते यामुळेच. शटरचा वेळ 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवला की प्रत्येक चौकटीला प्रकाशाचे पूर्ण हेलकावे मिळतात आणि पट्टे नाहीसे होतात. ही तर ध्वनी-प्रकाशाच्या पाठाला जोडून घेण्याजोगी गोष्ट आहे.

आता उणिवा. हे ॲप कितीही चांगले असले तरी फोनच्या निर्मात्याने जेवढे दरवाजे उघडे ठेवले असतील तेवढ्यांतूनच ते आत जाऊ शकते. अँड्रॉइडमध्ये 2014 साली आलेली 'कॅमेरा टू' ही सोय फोनने पूर्णपणे दिली नसेल, तर शटर आणि आयएसओ यांचे आकडे पडद्यावर दिसतच नाहीत. आमच्याकडील दोन स्वस्त फोनांवर नेमके हेच झाले. शिवाय सेटिंगची यादी इतकी लांबलचक आहे की नवशिक्या शिक्षकाचा तास तिथेच संपावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक फोनांच्या भिंगाचे छिद्र कायम एकाच मापाचे असते. ॲप कोणतेही घेतले तरी ते बदलत नाही.

मात्र आमचा मुख्य आक्षेप ॲपवर नाही, त्यासोबत येणाऱ्या उपदेशावर आहे. शॉन बेकर यांचा 2015 चा 'टँजरीन' हा चित्रपट मोबाइलवर चित्रित झाला, तेव्हापासून या ॲपांची चर्चा 'सिनेमासारखे चित्र' याभोवतीच फिरते. सेकंदाला 25 चौकटी असतील तर शटर 1/50 ठेवा, म्हणजे हालचाल नैसर्गिक दिसते, असा नियम सांगितला जातो. सिनेमासाठी तो योग्यच आहे. पण एक मीटर लांबीचा लंबक घ्या आणि तो मध्यापासून 20 सेंटिमीटर ओढून सोडा. मध्यावर त्याचा वेग सेकंदाला सुमारे 63 सेंटिमीटर असतो. म्हणजे 1/50 सेकंदात गोळा सव्वा सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात तेवढाच फराटा उमटतो. त्यावर मोजमाप कसे घ्यावे? शटर 1/500 केले तर फराटा सव्वा मिलिमीटरवर येतो. त्याची किंमत म्हणजे प्रकाश दहापट कमी होतो. तो आयएसओ वाढवून भरून काढावा तर चित्रात दाणे दिसतात. त्यापेक्षा लंबक खिडकीजवळच्या उन्हात न्यावा हे बरे. चित्र थोडे खडबडीत दिसेल, पण खरे असेल.

चौकटी मोजून आवर्तनकाल काढणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. मंद प्रकाशात काही फोन सेकंदाला असलेल्या चौकटींची संख्या गुपचूप कमी करतात. ॲपमध्ये संख्या निवडली तरी फोन ती पाळेलच असे नाही. म्हणून लंबकाशेजारी सेकंद दाखवणारे घड्याळ ठेवून तेही चित्रात घ्यावे. साक्षीदाराची उलटतपासणी करणारा दुसरा साक्षीदार हवाच.

ज्यांच्या फोनवर यातले काही चालत नाही त्यांनी निराश होऊ नये. अनेक फोनांत पडद्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि प्रकाशमान स्थिर होतात. मेणबत्तीच्या प्रयोगाला एवढेही पुरते.

त्या मुलीच्या वहीतली फुली आम्ही खोडली आणि पूर्ण गुण दिले. मग तोच प्रयोग एकदा स्वयंचलित आणि एकदा कुलूपबंद कॅमेऱ्याने चित्रित करण्याचे काम तिच्याच गटाकडे सोपवले. दोन्ही फिती शेजारी शेजारी लावून वर्गाला एकच प्रश्न विचारला, 'यांतले मेणबत्तीने काय केले आणि कॅमेऱ्याने काय केले?' आपणही विचारून पाहावा.