मृत्युपत्रांची साक्ष आणि जॉन हार्वर्डचे कूळ

जुन्या इंग्रजी मृत्युपत्रांवरून घराण्याचा पूर्वेतिहास सिद्ध करण्याच्या पद्धतीचे बल आणि तिच्या मर्यादा पारखावयाच्या तर हेन्री वॉटर्स याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले जॉन हार्वर्डविषयीचे संशोधन हे उत्तम उदाहरण होय. ज्या अमेरिकन महाविद्यालयाला पुढे हार्वर्डचे नाव मिळाले, त्याला आपली निम्मी मालमत्ता व सुमारे ४०० ग्रंथ देऊन तो १६३८ मध्ये निवर्तला. तथापि ही इच्छा त्याने तोंडीच व्यक्त केली होती. स्वतःचे लेखी मृत्युपत्र त्याने मागे ठेवले नाही आणि त्याचे आईबाप कोण, हा प्रश्न जवळजवळ अडीच शतके अनुत्तरित राहिला.

उत्तर सापडले ते कॅंटरबरीच्या धर्मन्यायालयात नोंदलेल्या, कॅथरिन यीअरवुड या विधवेच्या १६३५ च्या मृत्युपत्रात. लंडनजवळील सदर्क येथील ‘क्वीन्स हेड’ ही सराई तिने आपला ज्येष्ठ पुत्र जॉन हार्वर्ड यास दिली होती. तिचा पहिला पती रॉबर्ट हार्वर्ड हा खाटिक असून १६२५ च्या प्लेगात मरण पावला होता. त्यानंतर तिने आणखी दोन विवाह केले. साहजिकच केवळ ‘हार्वर्ड’ या आडनावाच्या मागे जाणाऱ्यास हा कागद हाती लागणे कठीण. वॉटर्सने नावनिशीवर विसंबून न राहता मृत्युपत्रांचे सरसकट वाचन केले, यात त्याच्या पद्धतीचे खरे श्रेय आहे.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. वंशावळ पुरुषाकडून पुरुषाकडे चालते. पण या वंशावळीचा दुवा एका स्त्रीने जपला. तोही ती त्या वेळी विधवा होती म्हणून. कारण तत्कालीन कायद्यानुसार पतीच्या संमतीवाचून सधवेचे मृत्युपत्र ग्राह्य नसे. तिचा तिसरा पती तिच्यामागे जिवंत राहता, तर हा कागद बहुधा निर्माणच झाला नसता.

मात्र नुसत्या नामसाम्याने सिद्धान्त होत नाही. मृत्युपत्रात जॉनला ‘क्लार्क’ म्हटले आहे. त्या काळी या शब्दाचा अर्थ कारकून नव्हे, तर धर्मोपदेशक. केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयाचा पदवीधर असलेल्या हार्वर्डला तो लागू पडतो. परंतु निर्णायक ठरला तो १६३५ चाच एक भाडेपट्टा. त्यावरील जॉनची सही केंब्रिजमधील सहीशी जुळली. तेव्हा मृत्युपत्राने दिशा दाखविली. खात्री पटविली ती दुसऱ्या कागदाने.

हा भेद अनेक कुलवृत्तान्तकार विसरतात. मृत्युपत्र हा मालमत्तेच्या वाटपाचा लेख आहे, कुटुंबाची शिरगणती नव्हे. ज्या मुलास त्याचा वाटा आधीच मिळाला, त्याचा उल्लेख त्यात नसेल. म्हणून तो नव्हताच, असे म्हणता येत नाही. ‘कझिन’ म्हणजे पुष्कळदा पुतण्या वा भाचा, आणि आज जावई असा अर्थ देणारा शब्द कित्येकदा सावत्र मुलास लाविलेला आढळतो. शिवाय ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते, अशा असंख्य कुळांविषयी हे दप्तर मूक आहे. त्या मौनाला पुरावा मानणे हा इतिहास नव्हे, आणि ते मौन कल्पनेने भरून काढणे हा तर त्याहूनही मोठा प्रमाद होय.